चाळीस मोजेपर्यंत

मोहर्ली,
दि. १० जून २०२५

नूतन,

सप्रेम जयभीम. तुझी तब्येत कशी आहे हे विचारत नाही, कारण रोज सकाळी सात वाजता तू माझ्या फोनमध्ये गाल फुगवून बसलेली दिसतेस. राजदीपजी बरे असतील. इकडे ह्यांचा गुडघा पाऊस यायच्या आधीच कुरकुरायला लागला आहे. विक्की जंगलाच्या गेटवर तिकिटं तपासायला लागला. माझं अंगणवाडीचं काम चालू आहे. झालं, खुशाली संपली.

आता कामाचं. तुझ्या चेहऱ्याच्या व्यायामाच्या पानावर तू माझे दोन फोटो टाकले आहेस. ते काढ. आजच्या आज काढ. मला न विचारता टाकलेस, आता मी सांगते म्हणून काढ.

फोन केला असता. पण माझा आवाज तुझ्याकडे गेला की तो माझा राहत नाही, हे मला कळून चुकलं आहे. एप्रिलच्या सुरुवातीला मी तुला बहीण समजून दोन शब्द बोलून पाठवले, तर ते तू तुझ्या क्लासमधल्या सगळ्या बायकांना ऐकवलेस. म्हणून हा कागद. हातात धरून एकटीने वाच.

आधी तू मला, थोरल्या बहिणीला, बाई म्हणायचीस. चंद्रपूरला गेलीस आणि मी ताई झाले. आता त्या फोटोखाली पाहते तर दीदी. पुढच्या वर्षी कोण होईन कुणास ठाऊक. नव्या घराच्या घरभरणीला मात्र मी कुणीच नव्हते. आठवतं ना? तुझ्या क्लासमधली ती हिरव्या साडीवाली माझ्याकडे पाहून तुला म्हणाली, "या तुमच्या आई का?" तू हसलीस. नुसती हसलीस आणि तिला पुरणपोळी वाढायला गेलीस. नूतन, मी तुझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी आहे. चार. "नाही हो, बहीण आहे," एवढं म्हणायला तुझ्या तोंडाला कोणता व्यायाम कमी पडला?

मला ते लागलं. घरी आल्यावर आरशासमोर उभी राहिले आणि डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या पहिल्यांदा मोजल्या. उन्हात डोळे बारीक करून पंचवीस वर्षं मोहफुलांची वेचणी केली, तर सुरकुत्या पडणार नाहीत तर काय होईल? हे मला कळत होतं. तरी दुसऱ्या दिवसापासून तुझे व्हिडिओ पाहायला लागले. हे तुला कधी सांगायचं नव्हतं, पण आता सांगायचं न सांगायचं असं काही उरलं नाही.

तर ते दोन फोटो. पहिला दिवाळीचा, त्यात सुरकुत्या. दुसरा एक मेचा, ग्रामपंचायतीने शाल दिली तेव्हाचा, त्यात चेहरा सपाट. आणि वर तू मोठ्या अक्षरात लिहिलंस की बघा, सहा महिन्यांत काय फरक पडला. बाई गं माझी, दिवाळीच्या फोटोत मी हसत होते! ह्यांनी फटाका उलटा लावला होता, म्हणून पोट धरून हसत होते. आणि एक मेला मी हसत नव्हते. मेलेल्या माणसाच्याही चेहऱ्यावर सुरकुत्या दिसत नाहीत. चेहऱ्याची एवढी मोठी जाणकार तू, तुला एवढंही दिसलं नाही?

ती शाल कशाबद्दल मिळाली, ते तू फोटोखाली लिहिलं नाहीस. वाघाचं नाव घेतलं तर तुझ्या बायका घाबरतील. एप्रिलच्या अकरा तारखेला मोहफुलं वेचताना गुणाबाईवर वाघ आला आणि मी ओरडले म्हणून ती वाचली, अशी ती शाल आहे. गुणाबाई एकवीस दिवस चंद्रपूरच्या दवाखान्यात होती. तुझ्या क्लासपासून रिक्षाने दहा मिनिटं. आई आरमोरीकडे धानाच्या रोवणीला जायची, तेव्हा महिना महिना तू हिच्या घरी जेवायचीस. तिच्या लुगड्यात तोंड घातल्याशिवाय तुला झोप येत नव्हती. तिला पाहायला तू एकदा आली नाहीस. मी विचारलं तर म्हणालीस, "मले ते पाहवत नाई वं." एवढ्यापुरती गावची बोली बरी आठवली.

तुला पाहवत नाही, तर मी सांगते, वाच. पंजा उजव्या गालावर बसला. गाल शिवला, पण आतली नस तुटली. उजवी बाजू हलत नाही. जेवताना घास त्या बाजूने बाहेर येतो. आणि उजवा डोळा मिटत नाही. चोवीस तास उघडा. पाणी वाहतं, धूळ जाते, झोपताना त्यावर पट्टी चिकटवावी लागते. डोळा मिटायला शिकला नाही तर बुबुळ वाळून तो जाईल, असं डॉक्टर म्हणाले.

आणि आता ऐक. दवाखान्यातल्या व्यायामवाल्या मॅडमनी एक कागद दिला आहे. भुवया वर. नाक आक्रसा. डोळे हलके मिटा. ओठांचे कोपरे ओढा. दिवसातून तीनदा, आरशासमोर. कागद मी दोनदा वाचला. तुझाच क्लास आहे की हा. गुणाबाई आरसा हातात घेत नाही. पहिल्या दिवशी घेतला आणि पालथा घालून ठेवला. म्हणून रोज तीन वेळा मी तिच्यासमोर बसते आणि ती माझ्यात पाहून करते. मी मिटते, ती मिटायचा प्रयत्न करते. डावा मिटतो, उजवा टक्क माझ्याकडे पाहत राहतो.

परवा ती म्हणाली, अर्ध्या तोंडाने, "नंदिनी, तुले हे बराबर जमते. कोठी शिकली?"

मी म्हटलं, "नूतनजवळ."

"पोरगी हुशारच होती," ती म्हणाली. "कधीपासून करून राह्यली?"

मी पाणी आणायच्या निमित्ताने उठले.

नूतन, वेचणीची रीत तू विसरली असशील. आपण सहाजणी जातो. पाचजणी वाकून वेचतात, एक वेचत नाही. ती उंचवट्यावर काठी घेऊन उभी राहते आणि चारी बाजूंना पाहते. राखण. पाळीपाळीने प्रत्येकीकडे येते. परतताना प्रत्येकजण आपल्या टोपलीतून एकेक ओंजळ राखणवालीच्या टोपलीत टाकते. तिने डोळे दिले, म्हणून तिला फुलं. हल्ली डोक्यामागे बांधायला मुखवटे मिळाले आहेत, मोठ्या उघड्या डोळ्यांचे, म्हणजे वाघाला वाटावं की माणूस आपल्याकडेच पाहतो आहे.

अकरा तारखेला राखण माझी होती.

घरी माझे हात कधी रिकामे नसतात. अंगणवाडीत नसतात. वेचताना तर नसतातच. फक्त राखणीच्या दिवशी रिकामे असतात. तेच मी तुला त्या आवाजात सांगितलं होतं, मोठ्या कौतुकाने. "नूतन, घरी टाइम भेटत नाई, म्हणून राखणीच्या दिवशी झाडाखाली करून राह्यली." तू त्यावर टाळ्यांचं चित्र पाठवलंस.

दोन बोटं डोळ्यांच्या कडेला, दोन भुवयांच्या मधे. डोळे गच्च मिटा. चाळीस मोजा. "आजूबाजूचं सगळं विसरून जा," असं तू म्हणतेस ना, गोड आवाजात? मी विसरले. काठी झाडाला टेकवून ठेवली होती. डोक्यामागचे ते रंगवलेले डोळे उघडे होते आणि माझे मिटलेले. मी सत्तावीसपर्यंत आले होते. टोपली पडल्याचा आवाज आला.

डोळे उघडले आणि ओरडले. सगळ्यांत आधी मीच ओरडले, हे खरं आहे. मग सगळ्याजणी ओरडल्या, काठ्या आपटल्या, वाघ तिला सोडून गेला. कुणाला काही कळलं नाही. सगळ्याजणी वाकलेल्या होत्या, माझ्याकडे कोण पाहणार? तो झुडपातून आला, तिथपासून गुणाबाईपर्यंत मोकळी जागा आहे. मी नंतर जाऊन पाहिली. पाहणारीला तो दिसला असता.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. ह्यांनाही नाही. पहिली तू.

त्या धांदलीतसुद्धा नीलाबाईने प्रत्येकीच्या टोपलीतून माझी ओंजळ काढून ठेवली होती. गुणाबाईच्या सांडलेल्या फुलांतलीही एक. संध्याकाळी घरी आणून दिली, "रीत मोडू नाई," म्हणाली. ती फुलं अजून मागच्या खोलीत फडक्यावर पडली आहेत. मी विकत नाही, फेकत नाही. विक्की विचारतो, "आई, ते काऊन ठेवलं?" मी खोलीचं दार ओढून घेते.

तीनदा सांगायला गेले. पहिल्यांदा दवाखान्यात, तर हेमराज, तिचा मुलगा, सगळ्यांसमोर माझ्या पाया पडला. दुसऱ्यांदा एक मेला, तर शाल अंगावर आली. तिसऱ्यांदा परवा, तर पाणी आणायला गेले. तोंड उघडतं, पण शब्द बाहेर येत नाही. गुणाबाईचा डोळा, माझं तोंड.

आणि त्यातच शनिवारी तुझे ते फोटो आले. मी वर लिहिलं की फोटो काढ. कारण म्हणून तुला हिरवी साडी सांगितली, फटाका सांगितला, दवाखाना सांगितला. त्या सगळ्याचा राग आहेच, आणि राहील. पण मला भीती आहे ती फोटोंची नाही. त्यांच्या खाली तू लिहिलेल्या ओळींची. इतका वेळ त्या टाळत होते. आता उतरवून काढते:

"माझी दीदी जंगलाच्या काठावर राहते. मोहफुलांच्या राखणीला उभी असतानासुद्धा ती डोळ्यांचा व्यायाम चुकवत नाही. मैत्रिणींनो, वेळ नाही हे कारण सांगू नका."

गावात अर्ध्या घरांत हे गेलं आहे. हेमराजच्या बायकोने, रश्मीने, तर लाल बदामाचं चित्र पाठवलं. मी घाबरत विचारलं, "वाचलं का?" ती म्हणाली, "नाई जी, फोटोच पाह्यला. एवढं कोण वाचते?" तेव्हा वाटलं, सुटले. नूतनला सांगून पुसून टाकू, कुणाला कधी कळणार नाही. हे पत्र लिहायला बसले ते त्यासाठीच.

पण काल नीलाबाई आली. पावसाळ्यात वास्ते काढायला जायचं आहे, कोवळ्या कोंबांसाठी बांबूच्या रानात, जिथे दोन हातांवरचं दिसत नाही. बायकांचं ठरलं आहे की आता पाळी नको. राखण कायमची नंदिनीकडे. "तुया नजरेले वाघ दिसते. तू उभी असली का आमाले भेव नाई," असं ती म्हणाली. रविवारी गुणाबाईच्या अंगणात सगळ्याजणी बसून पक्कं करणार आहेत. गुणाबाईच्या जागी यंदा रश्मी येणार आहे. तिला पाच महिन्यांचं लेकरू आहे.

नाही म्हटलं तर कारण द्यावं लागेल. हो म्हटलं तर त्या पाचजणी माझ्या भरवशावर माना खाली घालतील. कोणत्या भरवशावर, ते मला माहीत आहे.

तुझ्यावर सगळं ढकलायचं मी फार ठरवलं होतं. तू शिकवलंस, तू म्हणालीस विसरून जा, तू घरभरणीला हसलीस. दोन महिने मनात तुझ्याशी भांडते आहे आणि रोज मीच जिंकते. पण तुझ्या क्लासमधल्या बायका घरात बसून डोळे मिटतात. मी राखणीला उभी राहून मिटले. ते तू सांगितलं नव्हतंस.

म्हणून वरचं खोडत नाही, पण आता उलटं सांगते. फोटो काढू नकोस. रविवारपर्यंत एक अक्षर हलवू नकोस. रविवारी मी अंगणात उभी राहून फोन उघडणार आहे आणि त्या तीन ओळी मोठ्याने वाचणार आहे. माझ्या शब्दांत मला सांगता येत नाही, तुझे शब्द तरी वाचता येतील. आधी गुणाबाईकडे पाहून वाचीन, मग हेमराजकडे. शाल आणि ती फुलं तिथेच ठेवीन. पुढे ते मला अंगणात राहू देतील की हाकलतील, ते त्यांच्यावर आहे. गुणाबाईने मला समोर बसू दिलं, तर तिचा व्यायाम चुकवणार नाही.

आणि नाही बसू दिलं, तर तिच्यासमोर कुणीतरी बसायला हवं. डोळा वाळायचा थांबणार नाही. हे काम येणारी गावाबाहेर मला एकच माहीत आहे. मी विनवणी करत नाही. तुझ्यावरचा राग तसाच आहे आणि तू आलीस तरी लगेच जाणार नाही. पण तू तिच्या ताटात जेवली आहेस. यायचं असेल तर शनिवारच्या बसने ये, आणि फोन घरी ठेवून ये.

ती तुला कदाचित ओळखणार नाही. तुझ्या तोंडावर काही उरलंच नाही ओळखण्यासारखं. जवळ बस आणि तिला "गुणामाय" म्हण, म्हणजे ओळखेल.

राजदीपजींना जयभीम सांग.

त्या दिवशी राखणीला उभी होती ती,
तुझी बाई,
नंदिनी