ट्रेभर एकच बिस्कीट

बाबा,

दुसरी नर्स आजारी पडलीय, हॉस्पिटलातून फोन आला, म्हणून आत्ताच निघतेय. ओट्यावर ताटाखाली जे झाकून ठेवलंय ते बघून हसू नका. म्हणजे हसा, पण मी घरी यायच्या आत हसून घ्या.

तुमच्या बेकरीच्या वहीतून नाताळची बिस्किटं करून बघितली. माप दोनशे बिस्किटांचं होतं. मैदा, लोणी, साखर सगळ्याला शहाण्यासारखं दहाने भागलं, सोडा तेवढा भागायचा राहिला. कापलेल्या चांदण्या फुगून एकमेकींच्या गळ्यात पडल्या आणि ट्रेभर एकच बिस्कीट झालं. कडेचा तुकडा चाखला तर चक्क साबण! त्याच वहीतल्या लिंबाच्या गोळ्या मात्र झकास जमल्यात. दोन खिशात टाकून नेतेय, तुमच्यासाठी बरणीत आहेत.

छकुलीला उद्या वर्गात वीस बिस्किटं न्यायची आहेत. मैदा चाळून ठेवलाय, लोणी बाहेर काढलंय. पुढचं तुम्ही करा. गरम ट्रे काढायला तुमचा लेक चारला येतोय.

त्या दिवशी तुमच्या हातातून ट्रे पडला, तेव्हापासून तुम्ही स्वयंपाकघरात फक्त पाणी प्यायला येता. आम्हीही गप्प बसतो. आज राहवलं नाही.

हात थरथरतो म्हणाल. बाबा, माझा हात जराही थरथरला नव्हता, तरी बघा काय करून ठेवलंय.

– सूनबाई