पान ४१ : दोन किब्ल्यांची मशीद

सोम. ३ फेब्रु., जळगाव
रशीद तडवीशी आज वाजले. बोललेले शब्द माणसे नंतर फिरवतात, म्हणून तारखेनिशी लिहून ठेवते.

रशीद माझा जुना विद्यार्थी, आता फैजपूरला मराठी शिकवतो. आईला मक्का-मदिनेला नेऊन आणले, त्यावर पुस्तक लिहिले आहे. डोंगरपायथ्याच्या त्याच्या गावात उर्दू वाचणारे कोणी नाही. मदिनेविषयी हे एकच पुस्तक त्यांना वाचता येईल. शुद्धलेखन माझ्याकडे. पान ४१, मदिनेतली दोन किब्ल्यांची, म्हणजे नमाजाच्या दोन दिशांची, मशीद: 'नमाज चालू असताना हुकूम आला आणि जेरुसलेमकडे तोंड केलेले सारे पश्चिमेला, मक्केकडे वळले.'

पश्चिमेला? मदिनेहून मक्का दक्षिणेला. फुली मारली.

फोनवर म्हणाला, "बाई, किब्ला पश्चिमेलाच असतो. तुम्ही भाषा बघा. धर्म आमचा."
"धर्म तुझा. दिशा माझी."
फोन ठेवला. कोणी ते आठवत नाही. बहुधा मीच.

बुध. ५
सकाळच्या एस.टी.ने फैजपूर. नकाशा पिशवीत. रशीद बघेना. "दक्षिण वाचलं तर गाव हसेल. म्हणतील, बाईंनी मशीद फिरवली." आणि वर: "हे तुम्हीच शिकवलं. सहावीत, फळ्यावर. मुसलमान पश्चिमेकडे तोंड करून नमाज पढतात."

शिकवले होते. आपल्याकडून मक्का पश्चिमेला पडते, हे पुढचे वाक्य कधी सांगितलेच नाही. इतकी वर्षे.

अक्का, रशीदची आई, कोपऱ्यात लसूण सोलत होती. "कसाना झगडा शे?" सांगितले. सोलणे न थांबवता म्हणाली, "आठे दिन तोंडपुढे बुडस. तठे उजवा हातले बुडे. मले याद शे. तू तं फोटू काढी राहिंता!"

इथे नमाजात मावळती समोर, तिथे उजव्या हाताला, म्हणजे तोंड दक्षिणेला. रशीद जागचा उठून उभा राहिला, हात पसरून फिरून पाहिले. मग हसत सुटला. नकाशा उघडावा लागला नाही.

जिंकलो. अक्का आणि मी.

शनि. ८
रशीद जळगावला आला. पान नव्याने लिहिले. जेरुसलेम उत्तरेला, मक्का दक्षिणेला. म्हणजे किंचित वळणे नव्हे, पुरती पाठ फिरवणे. पैगंबर चालत पलीकडच्या टोकाला गेले, मागच्या रांगा पुढे झाल्या, असे सांगतात. नमाज मात्र कोणी मोडली नाही. रशीद आपणहून म्हणाला, "पश्चिम छापलं असतं तर हे सगळं गेलंच असतं, बाई."

तळटीप माझ्या हट्टाने: 'खानदेशातून मक्का पश्चिमेला, मदिनेतून दक्षिणेला. शाळेत अर्धेच शिकवले, ती चूक माझी.' खाली माझे नाव. रशीद नको म्हणत होता. ऐकते कोण.

मंगळ. ११, फैजपूर
अक्काला पान वाचून दाखवले. दोनदा ऐकले. मग: "कोनती नमाज व्हती? दुपारनी का असरनी?"

रशीद म्हणतो दुपारची. त्यांचे मौलाना म्हणतात असरची, म्हणजे तिसऱ्या प्रहरची. कथने दोन्ही आहेत. अक्का म्हणाली, "मंग इचारीसन लिखा." हा निवाडा माझा नाही. विचारणे रशीदचे काम.

दुपारी छापखान्यात दिले: पान ४१, नवे. तळटीप, सहीनिशी. चौथ्या ओळीत, 'नमाज'च्या आधी, एका शब्दाची जागा कोरी.