वाकडी रिंग सरळ न करण्याबाबत

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा मोटार ड्रायव्हिंग स्कूल, हे मृत्युपत्र माझ्या राहत्या घरी, राजीखुशीने, कोणाच्या सांगण्यावरून नाही आणि कोणाला घाबरून तर नाहीच नाही, असे लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. तसा दाखला आमच्या डॉक्टरांनी दिला आहे. दाखला देण्यापूर्वी त्यांनी मला आजचा वार विचारला. मी वार सांगितला आणि उजवीकडचा दिवा लावून तुम्ही डावीकडे का वळता, असे त्यांना विचारले. त्यांनी लगेच सही केली.

यापूर्वी मी लेखी मृत्युपत्र केलेले नाही. तोंडी वाटप बऱ्याच वेळा झाले आहे, विशेषतः रागाच्या भरात. ते सर्व रद्द समजावे.

सर्वांची पूर्ण नावे व पत्ते वकीलबाईंनी सोबतच्या जोडपत्रात घातले आहेत. इथे मी ज्याला जशी हाक मारते तसेच लिहिले आहे. वकीलबाई माझ्याकडेच गाडी शिकल्या. त्या म्हणाल्या, "मॅडम, मृत्युपत्रात एवढं बोलायचं नसतं." मी म्हटले, "नंतर बोलता येणार नाही, म्हणूनच तर तुम्हाला बोलावलंय." त्यानंतर त्यांनी मुकाट्याने लिहून घेतले आहे.

कलम १. राहते घर व मागचे अंगण माझ्या स्वतःच्या कमाईचे आहे. माझ्या पश्चात माझे पती हयात असेपर्यंत त्यांनी त्यात राहावे, आणि नंतर ते माझ्या एकुलत्या एक मुलीचे व्हावे. अंगणाच्या भिंतीबाबत कलम ६ पाहावे. कलम ६ न वाचता भिंतीला हात लावू नये.

कलम २. बँकेत जे असेल त्यातले निम्मे पतीला, निम्मे मुलीला. यात सांगण्यासारखे काही नाही.

कलम ३. ड्रायव्हिंग स्कूल माझ्या मदतनीस बाईंना द्यावी. शिकणारा झाडावर गाडी घालत असताना त्या शांतपणे "आता झाड येईल हं" असे म्हणतात. हा गुण शिकवून येत नाही.

कलम ४. स्कूलची जुनी गाडी, जिला शेजारच्या सीटपाशीही ब्रेक आहे, ती माझ्या धाकट्या दिरांना द्यावी. गेली चाळीस वर्षे ते कोणाच्याही गाडीत शेजारी बसून पाय दाबत आले आहेत. त्यांच्या पायाखाली एकदाचे काहीतरी असावे.

कलम ५. आता टीम.

कॉलेजात आमची पाच जणींची बास्केटबॉल टीम होती. पाचच. राखीव खेळाडू कोणी नसल्यामुळे आजारी पडायला परवानगी नव्हती. एक कॅप्टन, कारण ती स्वतःला कॅप्टन म्हणायची आणि वाद घालायला आम्हाला वेळ नव्हता. दुसरी खांब, कारण ती उंच होती आणि हलत नसे. तिसरी सॉरी, कारण धक्का देण्याआधीच ती माफी मागायची, त्यामुळे धक्का कुठून येतोय हे समोरच्या टीमला आधी कळायचे. चौथी टाचणी, एवढीशी, कुठल्याही फटीतून जाणारी. आणि पाचवी मी, भोंगा. आम्ही पाचही जणी हयात आहोत आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी माझ्या अंगणात जमतो.

खांबला माझी व्हरांड्यातली वेताची खुर्ची द्यावी. रविवारी ती त्याच खुर्चीत बसून खेळते, तेव्हा मालकी बदलली तरी कोणाला फरक कळणार नाही.

सॉरीला माझा होस्टेलमधला पितळी तांब्या द्यावा. त्याच्या जोडीची बादली तिने दुसऱ्या वर्षाला असताना "दोन मिनिटांसाठी" नेली होती. बादलीवर माझे नाव ऑइलपेंटने लिहिलेले होते. आता ती तिच्या बाल्कनीत आहे, तिच्यात कोरफड लावली आहे आणि माझे नाव भिंतीकडे वळवून ठेवले आहे. दोन्ही वस्तू एकत्र राहाव्यात अशी माझी इच्छा आहे. तिने तांब्या घेताना सॉरी म्हणू नये.

कॅप्टनविषयी माझी तक्रार जुनी आहे. कॉलेजच्या वार्षिक अंकात टीमचा फोटो छापून आला, त्याखाली तिने स्वतःचे नाव ठळक अक्षरांत घालून घेतले आणि माझ्या नावापुढे "अनुपस्थित" असे छापवले. मी फोटोत आहे. खांबच्या मागे आहे. माझा एक कान स्पष्ट दिसतो. ही तक्रार मी या मृत्युपत्राने मागे घेत नाही. तरीही कलम ६ मधली सर्वांत मोठी जबाबदारी मी तिच्यावरच टाकते आहे, आणि त्याचे कारण तिथे दिले आहे.

कलम ६. रिंग.

आमच्या कॉलेजच्या मैदानावर दोन रिंग होत्या. एक सरळ होती. दुसरी, होस्टेलच्या बाजूची, पाण्याचा टँकर मागे घेताना ड्रायव्हरने खांबाला धडक दिल्यामुळे डावीकडे झुकलेली होती. (हा खांब लोखंडी. मैत्रीण नव्हे.) प्राचार्य म्हणाले, पुढच्या आठवड्यात दुरुस्त करू. आम्ही पदवी घेऊन बाहेर पडलो तरी तो आठवडा आलेला नव्हता.

आम्ही रोज संध्याकाळी त्या वाकड्या रिंगवरच सराव केला, कारण सरळ रिंगवर मुलगे खेळत. फळीच्या उजव्या कोपऱ्याच्या जरा बाहेर, म्हणजे जिथे काहीच नाही तिथे, नेम धरला की चेंडू आत जायचा. हे हाताला एकदा कळले की पुढे डोक्याचे काम नव्हते. घरच्या मॅचला पहिल्या अर्ध्या वेळात आम्ही वाकडी बाजू मागून घ्यायचो आणि गुणांचा पाऊस पाडायचो. मध्यांतरानंतर बाजू बदलायची. मग पाहुण्यांना वाकडी रिंग यायची, त्यांचा एक चेंडू आत जायचा नाही. आम्हाला सरळ रिंग यायची, आमचाही जायचा नाही. त्यामुळे आमच्या मॅचचा उत्तरार्ध कोणी पाहत नसे. प्रेक्षक कॅन्टीनला जायचे आणि पंचही अधूनमधून जांभई द्यायचे. घरच्या मैदानावर आम्ही कधी हरलो नाही. बाहेरगावी कधी जिंकलो नाही. एका बाहेरच्या मॅचमध्ये टाचणीने टाकलेला चेंडू रिंगच्या बाजूने जाऊन प्रमुख पाहुण्यांच्या मांडीत बसला. त्यांनी तो परत दिला. तिने पुन्हा टाकला. तो पुन्हा त्यांच्याकडेच गेला. तिसऱ्या वेळी त्यांनी खुर्ची हलवली.

पुढे कॉलेजने त्या मैदानाचे पार्किंग केले. मी एका शिकाऊ मुलीला घेऊन तिथून जात होते, तेव्हा भंगारवाल्याच्या हातगाडीवर फळी आणि रिंग दिसली. मी माझ्या बाजूचा ब्रेक दाबला. फळी टपावर बांधून आम्ही भर बाजारातून घरी आलो. गाडी ती मुलगीच चालवत होती. त्यानंतर तिला लायसनची परीक्षा फारच सोपी गेली.

माझे पती घड्याळे दुरुस्त करतात आणि कमी बोलतात. भिंतीला फळी लावताना त्यांनी एवढेच विचारले, "सरळ लावू, की तुमच्यासारखी?"

तेव्हापासून पहिला रविवार सुरू झाला.

टाचणीविषयी आता लिहिणे भाग आहे. ती गणित शिकवायची. गेली काही वर्षे तिला माणसे ओळखू येत नाहीत. तिची सून तिला रविवारी घेऊन येते. दारातून आत येताना ती प्रत्येकीला अदबीने विचारते, "आपण कोण?" कॅप्टन सांगते, "मी कॅप्टन." टाचणी तिच्याकडे वरपासून खालपर्यंत बघते आणि म्हणते, "वाटतं तसं." मग तिच्या हातात चेंडू दिला की ती चेंडू दोनदा आपटते, कुठेच न बघता फळीच्या उजव्या कोपऱ्याबाहेर टाकते आणि तो आत जातो. दर वेळी. मुलाचे नाव तिच्या लक्षात नाही. तो टँकर मात्र तिच्या हाताने लक्षात ठेवला आहे.

गेल्या वर्षी माझ्या वाढदिवसाला जावईबापूंनी मला भेट दिली. ते फर्निचरची कामे घेतात. सासुरवाडीला आले की आधी भिंतीवरचे कॅलेंडर सरळ करतात आणि मग पाणी पितात. मी बाहेर गेले असताना त्यांनी पातळी बघायची पाणसळ लावून, पाना फिरवून, हातोडीने ठोकून रिंग अगदी सरळ केली आणि वर लाल रंगही दिला. मी त्यांना सरबत करून दिले, कारण ते घामाघूम होऊन हसत उभे होते.

रविवारी सगळ्या आल्या. खांबचा चेंडू गेला नाही. सॉरीचा गेला नाही, तिने रिंगची माफी मागितली. टाचणीने टाकला, तो शेजाऱ्यांच्या कुंडीत गेला. पुन्हा टाकला, पुन्हा तिकडेच. मग ती पायरीवर बसली, भिंतीकडे आणि आमच्याकडे बघितले आणि घाबऱ्या आवाजात म्हणाली, "हे कुठलं मैदान आहे? मला इथलं कोणीच माहीत नाही. मला घरी जायचंय."

जावईबापू हातातली बशी तशीच धरून उभे राहिले.

कॅप्टन तिच्याशेजारी जाऊन बसली. म्हणाली, "बाहेरगावची मॅच आहे गं. बाहेर आपण हरतोच. बस आली की निघू."

"तू येणारेस ना बसमध्ये?"

"तुझ्याशेजारी बसणारे. खिडकी तुला."

तेवढ्या वेळात माझे पती शिडी घेऊन आले. पाच जणींनी, म्हणजे टाचणी सोडून चौघींनी, रिंग किती वाकडी होती ते चार प्रकारे सांगितले. पतींनी कोणाचेच ऐकले नाही. ते म्हणाले, "त्यांना टाकू द्या." टाचणी टाकायची, चेंडू कुठून गेला हे ते बघायचे आणि रिंगवर एक ठोका घालायचे, जसे पुढे पळणारे घड्याळ हळूहळू मागे आणतात. ऊन उतरेपर्यंत हे चालले. शेवटी चेंडू आत गेला. टाचणी उठून उभी राहिली, कॅप्टनला म्हणाली, "आपण कोण?" आणि दुसरा चेंडू मागितला.

म्हणून:

(क) टाचणी येते आहे तोवर रिंग, फळी व भिंत यांत कोणीही सुधारणा करू नये. घर विकायचे झाल्यास याच अटीवर विकावे. गिऱ्हाईक मिळाले नाही तर घर विकू नये.

(ख) रिंग चुकून हलल्यास मोजमाप करू नये. टाचणीला टाकू द्यावे आणि तिच्या हाताप्रमाणे ठोकावी.

(ग) रिंगच्या नटांना बसणारा एकुलता एक पाना कॅप्टनच्या ताब्यात द्यावा. तिला ही रिंग कॉलेजच्या नव्या क्रीडासंकुलात काचेच्या पेटीत हवी आहे आणि माजी विद्यार्थी संघात तसा ठराव तिने स्वतःच मांडून स्वतःच अनुमोदन दिले आहे. टाचणीचा हात ज्या दिवशी विसरेल, त्या दिवसापासून ती रिंग म्हणजे नुसते लोखंड. मग ती पेटीत ठेवा, नाहीतर पेटीवर. तो दिवस आला की नाही हे फक्त कॅप्टनने ठरवायचे. पेटीसाठी ती घाई करील अशी शंका वकीलबाईंनी काढली. वकीलबाई त्या दिवशी अंगणात नव्हत्या.

कलम ७. जावईबापूंची जप्त केलेली पाणसळ त्यांना परत द्यावी. मुलीच्या घरी त्यांनी काय वाटेल ते सरळ करावे. त्यांचा हेतू चांगला होता, हे मी लेखी देते. लाल रंगही चांगला आहे.

कलम ८. एक गोष्ट वर लिहायची राहिली, आणि तीच मला रात्रंदिवस खाते. टाचणी आपण होऊन चेंडू टाकत नाही. मी मागून ओरडले, "टाचणी, टाक!" की टाकते. कॅप्टनने ओरडून पाहिले, सॉरीने तर विनंती करून पाहिली. ती चेंडू पोटाशी धरून तशीच उभी राहते. मी गेल्यावर रिंग कितीही वाकडी ठेवली तरी उपयोग काय?

माझा आवाज माझ्या मुलीत आला आहे, पण ती ग्रंथालयात काम करते आणि घरातही कुजबुजते. म्हणून माझा ओरडा मी तिला देते. दर पहिल्या रविवारी तिने अंगणात यावे आणि माझ्या जागी उभे राहून ओरडावे. टाचणीने भोंगा कुठे आहे असे विचारले तर कपडे बदलतेय असे सांगावे.

मुलगी म्हणाली, "आई, मला नाही जमणार. लोक काय म्हणतील?"

"लोक दाराबाहेर आहेत. तू ओरड."

काल रविवार होता. मी मुद्दाम स्वयंपाकघरात थांबले आणि खिडकीतून बघितले. मुलगी दोनदा खाकरली, पदराशी चाळा केला आणि मग अशी ओरडली की माझ्या पतींच्या हातातले घड्याळ खाली पडले. टाचणी मागे वळून म्हणाली, "ऐकू येतं मला." आणि टाकला.

चेंडू आत गेला. रिंगला लागून गेला असे कॅप्टनचे म्हणणे आहे. लागला नव्हता.

वरील मजकूर मला वाचून दाखवण्यात आला. तो बरोबर आहे.

सही: (भोंगा ऊर्फ जोडपत्रातील अनुक्रमांक एक)

साक्षीदार:
१. कुटुंबाचे डॉक्टर
२. शेजारी, कुंड्यांचे मालक

ठिकाण: मागचे अंगण
दिनांक: चार मार्च, सोमवार

वकीलबाईंची टीप: दोन्ही साक्षीदारांनी फक्त सही होताना पाहिली आहे. चेंडूबाबत त्यांचे काही म्हणणे नाही.