फोन पैशांसाठी नव्हता

प्रिय दादा,

पोरीच्या कॅन्सरपायी घर विकलं, माझं शिलाई मशीनही गेलं, तरी पुरेना. म्हणून तुझ्यापुढे हात पसरले. तू दोनदा पैसे दिलेस, मग माझा फोन उचलेनासा झालास. तुलाही संसार आहे, कळतं मला.

आज डॉक्टर म्हणाले, "औषधं बंद. बरी झाली पोर." वॉर्डाबाहेर येऊन पहिला फोन तुलाच लावला. वहिनी म्हणाली, "हे बाहेर गेलेत." मागे तुझा खोकला ऐकू आला. मी काही न सांगताच फोन ठेवला.

पोरीने विचारलं, "मामा काय म्हणाला?"

"आनंदाने रडलाच गं तो," मी म्हणाले.

हे पत्र टाकणार नाही. पाकिटावर माझं अक्षर दिसलं, तरी तुझ्या पोटात गोळा येईल.

तुझीच,
धाकटी