रिकाम्या जागांवरचा पहारा

४ मे
कॅनबेरातल्या नव्या कचेरीत पहिला दिवस, आणि चक्क मजेत गेला! इथे मे म्हणजे थंडीची सुरुवात, पण खिडकीबाहेर हिरवळीवर गुलाबी काकाकुवांची सभा भरली होती. आमच्या साहेबाने, ग्लेनने, दारातच सांगितलं की इथे कुणी चावत नाही, वॉरिक सोडून. शेजारच्या टेबलावरच्या म्हाताऱ्या वॉरिकने लगेच दात दाखवले. दुपारी त्याने स्वतःच्याच लग्नाचा फोटो उचलून मला विचारलं, ही बाई कोण गं? मी खो खो हसले. बाकी कुणी हसलं नाही. येताना ब्रायोनीला शाळेतून आणलं. माझी सहा वर्षांची पोर. आता आम्ही दोघीच. नोकरी टिकलीच पाहिजे.

६ मे
काम असं. संगणकाच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, प्रत्येक कामाला तात्पुरत्या नोंदींसाठी थोडी जागा मिळते, तिला स्टॅक म्हणतात. काम संपलं की जागा परत. परत केलेल्या जागेत कुणी हात घातला तर बोंब मारायला पहारा बसवलेला असतो. पण इथे सगळ्या स्टॅकांना मिळून पहाऱ्याच्या नोंदीचं एकच कोरं पान, आणि ते काहीही विचारलं तरी 'ठीक आहे' म्हणणार. असला पहारा काय डोंबलाचा! प्रत्येक स्टॅकला स्वतःचं पान द्यायचं आणि काम संपलं की त्यावर 'हात लावू नये' अशी खूण करायची. वॉरिकने हेच सुरू केलं होतं म्हणे. मध्येच का सोडलं, ते त्याला आठवत नाही.

११ मे
पहारा चालू केला आणि एकच आरडाओरडा. संपलेल्या कामांच्या जागेत कुणीतरी वाचतंय. वाचणाऱ्याचं नाव नाही. ग्लेन म्हणाला, डोकं खाऊ नकोस बाई, खुणा करत सुट. खूण केली की वाचणारा तिथून हटतो आणि ओरडणं थांबतं. मग ब्रायोनीला आणायला निघाले, तर शाळेचा रस्ताच आठवेना. ब्री फाटकाशी रडवेली होऊन उभी होती.

१४ मे
खूण केली. ब्रीच्या बापाचा चेहरा आठवणीतून गेला. पुन्हा केली, मुद्दाम, खात्री करायला — ब्री कुठल्या गावी जन्मली? वॉरिकला खोदून विचारलं. तो कुजबुजला, वाचणाऱ्याला तिथे अडवलंस की तो तुझ्यात येऊन वाचतो. आणि वाचलेलं परत ठेवत नाही. मला फार भीती वाटते.

१५ मे
मी हात लावत नाही, तरी खुणा पडतायत. पहारा बंद करायची आज्ञा मीच लिहिली होती — कुठे — ग्लेनला विनवलं. त्याने खांदे उडवले. सोमवारी बघू म्हणाला.

१६ मे
घरी. संगणकाची तार उपटून ठेवली, तरी — टोस्टवर काय लावायचं ते तिने सांगितलं. मी लावलं. ती टक लावून बघते. तिचं नाव ब — ब —

१७ मे
घरात एक मुलगी होती. शेजाऱ्यांची असेल. घरी जा म्हटलं, बाहेर काढलं, दार लावलं. बाहेर पांढरं हिव पडलंय. तिच्या पायात काही नाही. दार बडवते आहे. आई म्हणते. मघापेक्षा हळू. उघडावं असं फार वाटतं. ही कडी कशी —