अण्णांनी ओढलेली रेघ

डोंबिवली
८ एप्रिल

प्रिय देवेश,

विद्यापीठाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेचं काम परवा हातावेगळं केलं. इतिहास, परंपरा आणि नामवंत माजी विद्यार्थी, तिन्ही प्रकरणं माझ्याच गळ्यात पडली होती. फुकट राबणारा सापडला की समिती कशाला नेमतील? इतिहासाच्या पहिल्याच पानावर तुझे आजोबा काळुराम आहेत. बाळकुमची भातखाचरं त्यांनी दिली म्हणून ही इमारत उभी राहिली. आणि नामवंतांत तू आहेस. हसू नकोस. एमएचं पहिलं वर्ष अर्धवट टाकून तू बांधकामात गेलास, पण एकदा प्रवेश घेतला की तो माजी विद्यार्थी, असा नियम आहे. ‘बांधकाम उद्योजक’ असं तुझ्या नावापुढे मी स्वतःच्या हातानं लिहिलं. माझं नाव मात्र बसेना. प्रत्येक नावापुढे हुद्दा लागतो, आणि तासिका तत्त्वावर शिकवणं हा काही हुद्दा नव्हे.

परंपरांच्या प्रकरणात मी पदवीदानाची मिरवणूक लिहिली, आणि सभागृहातले सुवर्णपदकाचे सागवानी फलक. तुला आठवत असेल, भगवान पेंटर पदक मिळवणाऱ्याच्या नावाची अक्षरं काढायचे आणि वरची रेघ तेवढी मोकळी ठेवायचे. ती घरच्या माणसानं ओढायची. ही रीत कुणी पाडली, ते एकाही जुन्या कागदात सापडलं नाही. माझ्या वेळी अण्णा खोपटच्या एसटी डेपोतून गाड्या धुऊन तसेच ओल्या कपड्यांनी आले होते. रंगाचा ब्रश त्यांनी पहिल्यांदाच धरलेला, त्यामुळे माझ्या नावातल्या ‘राज’वर सरळ गेलेली रेघ ‘रत्न’वर येऊन खाली घसरली. भगवान पुसायला निघाले, तर तूच अडवलंस. ‘राहू द्या, काकांना वलखाला बरी,’ म्हणालास. मग आम्हा दोघांना नौपाड्यात नेऊन उसाचा रस पाजलास. अण्णा अजून त्या रसाचं नाव काढतात.

तेव्हापासून दर चौदा एप्रिलला, वंदना झाली की अण्णा चाळीतली पोरं घेऊन बाळकुमला जातात. जयंतीला सभागृह उघडं असतं. त्यांना वाचता येतं ते अडखळत, पण ती वाकडी रेघ बरोबर ओळखता येते. तिच्याखाली काठी टेकवून सांगतात, ‘बघा रे, शिकलं का नाव असं भिंतीवर चढतं. मग ते कोणाच्या बापाला उतरवता येत नाय.’ सोळा वर्षांत एकदाही चुकले नाहीत. गेल्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं असतानाही गेले.

नेमणूक होणारच, असं मला पहिल्या वर्षी सगळे सांगत होते, म्हणून अण्णांनी चाळभर पेढे वाटले. नेमणूक झाली नाही. हे त्यांना सांगायला मला तोंड नव्हतं. आज सांगू, उद्या सांगू करत ते राहूनच गेलं. त्यांच्या लेखी त्यांचा मुलगा पक्का प्राध्यापक आहे. कल्याणच्या कॉलेजातले तासही गेल्या जूनपासून बंद आहेत. इतिहासाला दोनच मुलं उरली, त्यातलं एक नाव काढून गेलं. मी रोज डबा घेऊन निघतो आणि वाचनालयात बसून तो खातो. आसावरीला माहीत आहे. बायको आहे ती, डब्यावरून ओळखलं तिनं. चाळिशी उलटली, देवेश. आता काही होणार नाही, हे मला समजलेलं आहे.

भिंतीवरचे फलक कुठे गेले, असं मी तुला फोनवर विचारलं तेव्हा तू विषय बदललास. राग नाही माझा. सभागृहाच्या दुरुस्तीचं काम तुझं असलं तरी फलक तुझ्या माणसांनी उतरवले, तुला न विचारता. सागवान म्हटल्यावर कुणी टाकून देतं का? दारांच्या चौकटी होऊन तुझ्या नव्या इमारतीत बसल्याही असतील. आता त्या भिंतीवर नामवंतांच्या चकचकीत पाट्या लागणार, आणि त्या माझ्याच यादीवरून होणार.

पत्र लिहायचं कारण वेगळंच आहे, फोनवर माझ्यानं ते बोलवलं नसतं. चौदा तारखेला अण्णा येतील, आणि या वर्षी माझी स्वप्ना पहिल्यांदा त्यांच्याबरोबर येणार आहे. सहा वर्षांची आहे. बापाचं नाव भिंतीवर बघायचं म्हणून गेले आठ दिवस ती जोडाक्षरं गिरवतेय. ‘रत्न’ तिला आता जमतं. सभागृहाची किल्ली तुझ्याकडे आहे. त्या दिवशी कुलूप घाल आणि तू स्वतः बाहेर थांब. काम चालू आहे, काका, असं सांग. तुझ्यावर ते विश्वास ठेवतील. पुढच्या वर्षी काय सांगायचं, ते मला सुचलेलं नाही. स्वप्ना हट्टी आहे, खिडकीतून तरी बघते म्हणेल. तिला उचलून घेऊ नकोस.

तुझाच,
राजरत्न