हजेरीचा कागद

सेल्विनदादा,

काल मृतांच्या दिवशी तू आईच्या कबरीसाठी फुलं घेऊन आलास आणि मी तुला फाटकावर अडवलं. कबरस्तान आता कंपनीच्या विशेष आर्थिक क्षेत्रात गेलंय. आत जायचं तर होंडुरासचा नाही, कंपनीचा कायदा मान्य आहे, अशी सही करावी लागते.

"आईला भेटायला सही? लाज विकून खाल्लीस का गं, दिल्सिया?" असं म्हणून तू फुलं फाटकाला अडकवलीस आणि निघून गेलास. साहेबाने ती मलाच काढायला लावली.

आता ऐक. गाव या क्षेत्रात घ्यायला कंपनीची माणसं गावसभेत आली, तेव्हा त्यांच्या बाजूने एकही हात वर गेला नव्हता. तरी ती हसतच होती. मी तेव्हा गावसभेची सेक्रेटरी. मला म्हणाली, "सेक्रेटरीबाई, जेवायला किती माणसं? तेवढ्या सह्या घ्या." मी कोऱ्या कागदावर जेवायला थांबलेल्या सगळ्यांच्या सह्या घेतल्या आणि घेवडा भरलेल्या गरम बालेआदा वाटल्या. महिन्याभराने तोच कागद राजधानीत निघाला. वर छापलं होतं, 'गावाची संमती'. मी ओळखला आणि गप्प बसले. मग फाटकावरची ही खुर्ची मिळाली.

हे पत्र पाठवायची माझी छाती नाही. पण काल रांग संपल्यावर मी त्या कागदाची प्रत काढून तुझं नाव शोधलं. ते नव्हतं. त्या दिवशीही तू सही न करता उपाशीच घरी गेला होतास.

जिची सही सगळ्यांत वर आहे ती,
दिल्सिया